आपण हीच शाळा का ठेवतोय

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आपण शाळा बदलण्यासाठी फ्रीमाँटला घर घेणार नाही. मी आणि बाबांनी हे ठरवलंय, आणि जेवताना उडत उडत तुझ्या कानावर पडण्यापेक्षा कारणांसकट नीट सांगावं म्हणून लिहितेय. एखादा शब्द अडला तर आजीला विचार. आठवीसुद्धा तुला इथेच, हेवर्डच्या याच शाळेत करायची आहे. तुझ्या दोन्ही मैत्रिणी जूनमध्ये ही शाळा सोडून जाणार याचं तुला वाईट वाटतंय, ते मला दिसतंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण 'या शाळेचे स्कोअर वाईट आहेत' हे जे कारण त्यांच्या घरी सांगितलं जातं, ते तूही खरं मानून बसली आहेस. त्याबद्दल मात्र मला बोलायचंय.

घराच्या जाहिरातीखाली शाळेला दहापैकी जे गुण दिलेले असतात, त्यांचा मोठा भाग तुम्ही वसंतात संगणकावर देता त्या राज्याच्या परीक्षेतून येतो. स्मार्टर बॅलन्स्डची परीक्षा: तिसरी ते आठवी दरवर्षी आणि मग अकरावीत, इंग्रजी आणि गणित. कॅलिफोर्नियात ती २०१५पासून सुरू आहे, मधलं करोनाचं २०२० सोडून. निकाल छापताना मुख्य आकडा एकच असतो, शंभरातल्या किती मुलांनी स्टँडर्ड, म्हणजे त्या इयत्तेसाठी ठरवलेली गुणांची रेष, गाठलं. २०२४मध्ये सबंध राज्यात गणितात हे प्रमाण ३५.५ टक्के होतं. म्हणजे राज्यातली जवळजवळ दोन तृतीयांश मुलं रेषेखाली. आपल्या शाळेत त्याहूनही जास्त.

आता ही रेष कशी असते ते बघ. सहावीच्या गणितात स्टँडर्ड गाठायला २५५२ लागतात, सातवीत २५६७. समज, एका मुलाला सहावीत २४९० मिळाले आणि सातवीत २५४०. पन्नास गुणांची वाढ! रेष पंधरानं वर सरकली, हा पन्नासनं सरकला. कुणीतरी त्याच्याशेजारी बसून अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवले असणार, तेव्हाच हे होतं. पण शाळेच्या टक्केवारीत तो गेल्या वर्षीही 'न गाठलेला' होता आणि यंदाही 'न गाठलेला'च. दुसऱ्या एका मुलीला सहावीत २६२० होते, सातवीतही २६२०. ती वर्षभर होती तिथेच राहिली, तरी दोन्ही वर्षं तिची गणना 'गाठलेल्यां'त. पहिल्या मुलासारखी मुलं जिथे जास्त, त्या शाळेला आपण वाईट म्हणतो आणि दुसऱ्या मुलीसारखी जिथे जास्त तिथलं घर चढ्या भावानं विकलं जातं. मला हा अन्याय वाटतो, आणि तो तुझ्या शिक्षकांवर होतोय म्हणून जास्त लागतो.

हे फक्त माझं मत आहे असं समजू नकोस. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शॉन रिअर्डन यांनी सबंध अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे तिसरी ते आठवीचे निकाल एकत्र करून तपासले. एखाद्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळातल्या, मुलांचे सरासरी गुण तिथल्या कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले असतात. पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात, याचा श्रीमंतीशी संबंध फारच थोडा. शिकागोची मुलं सरासरीत मागे होती, तरी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. हे वाचल्यापासून शाळेचा नुसता सरासरी आकडा मला पुरेनासा झालाय. मूल शाळेचा उंबरठा ओलांडण्याआधी त्याला काय मिळालं, हे त्या आकड्यात मिसळलेलं असतं.

तुझ्याच बाकाशेजारी बसणारी ती अफगाणी मुलगी घे. ती आली तेव्हा तिला तिकडची दारी भाषा येत होती, इंग्रजी नाही. या देशात पहिलं वर्ष असेल तर इंग्रजीच्या पेपरातून सूट मिळते, गणिताच्या नाही. तिला जे गणित येत होतं, ते इंग्रजीतल्या शाब्दिक उदाहरणांपर्यंत पोचलं नसणार. पुढे तिचं इंग्रजी सुधारेल, ती एल्पॅक ही राज्याची इंग्रजी भाषेची परीक्षा पार करेल, शाळा तिला 'इंग्रजी शिकणारी मुलं' या गटातून बाहेर काढेल. मग निकालाच्या तक्त्यात त्या गटापुढे पुन्हा इंग्रजी अजून न जमलेल्या मुलांचेच गुण दिसतील. जी तरली ती तिथून गेली, म्हणून तो गट कायम बुडालेलाच दिसतो.

तू म्हणशील, मग परीक्षाच नको. तुझ्या वर्गातल्या काहींच्या घरी पालक चिठ्ठी लिहून मुलांना यातून सोडवतात, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा ती मुभा देतो. आम्ही ती चिठ्ठी लिहिणार नाही. २००२मध्ये इथे 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला. त्याआधी बऱ्याच शाळांना एकूण सरासरी दाखवून भागवता येत होतं. या कायद्यानं गरीब मुलं, अपंग मुलं, कृष्णवर्णीय मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, सगळ्यांचे निकाल वेगळे छापायला लावले. चांगल्या नावाच्या शाळेतही कुणाला मागे सोडलं जातंय, ते तेव्हा चारचौघांत आलं. ते दिसेनासं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुझ्यासारखी मुलं परीक्षेतून उठून गेली तर उरलेल्यांचं चित्रही खोटं होईल.

त्याच कायद्यानं २०१४पर्यंत शंभर टक्के मुलं स्टँडर्डला पोचलीच पाहिजेत असंही लिहून ठेवलं होतं. ते कुठल्याही राज्याला जमलं नाही. पण मधल्या काळात शाळांवर जो दाब आला, त्याची गोष्ट तुला माहीत असावी. अटलांटाच्या गरीब वस्तीतली पार्क्स मिडल स्कूल म्हणून एक शाळा. तिचे गुण एकाएकी इतके वाढले की तिचं उदाहरण दिलं जाऊ लागलं. २०११मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याचा चौकशी अहवाल आला: त्या शहराच्या ४४ शाळांत १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गैरप्रकारांत सापडले, पार्क्स त्यातलीच. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून तिथे बरोबर उत्तरं भरली होती. ती माणसं जन्मजात लबाड होती असं मी मानत नाही. पण नुकसान झालं ते मुलांचं. कागदावर त्यांना वाचता येत होतं, मग त्यांना जास्तीची शिकवणी कोण देणार?

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. चौथीत आणि सातवीत स्कॉलरशिपची परीक्षा असायची. शाळा सुटल्यावर गुरुजी निवडक मुलांना थांबवून जादा तास घ्यायचे, मी त्यात होते. गुरुजींनी माझ्यासाठी जे केलं, त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्याच वेळी माझ्या वर्गातली बाकीची मुलं दप्तर घेऊन घरी जायची. जिल्ह्याच्या यादीत नाव लागलं की शाळेचं कौतुक व्हायचं, आणि त्या कौतुकात घरी गेलेल्यांचा हिशोब नव्हता. म्हणून कुठल्याही शाळेचा निकाल वाचताना मी आधी बघते की कोणाला थांबवून घेतलं आणि कोणाला जाऊ दिलं.

आपल्या शाळेत गुरुवारी गणिताच्या जादा वर्गात कोण बसतं, तुला ठाऊक आहे. ज्यांना येत नाही ती मुलं. त्या वर्गाचे पैसे कुठून येतात ते मला साइट कौन्सिलमध्ये, म्हणजे शाळेच्या पालक-शिक्षक समितीत, बसल्यावर समजलं. २०१३पासून या राज्यात शाळांना पैसे वाटण्याची रीत बदलली. गरीब घरची, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमधली (आईवडिलांऐवजी सरकारच्या देखरेखीत वाढणारी) मुलं जितकी जास्त, तितका त्या डिस्ट्रिक्टला जास्तीचा निधी मिळतो. तो कशावर खर्च व्हावा यावर आम्ही पालक आणि शिक्षक एका टेबलाशी बसून वाद घालतो. गेल्या बैठकीत ग्रंथालय दुपारी उघडं ठेवण्यावरून बरीच ओढाताण झाली आणि शेवटी ते मंजूर झालं. शिकलेले, सवड असलेले पालक एकेक करून निघून गेले तर त्या टेबलाशी कोण बसेल? आम्ही इथे थांबण्याचं हे मोठं कारण आहे.

आणखी एक गोष्ट, जराशी कडू. तुझा स्वतःचा निकाल सगळ्यात वरच्या पातळीचा आला, आणि 'शाळा मला मागे खेचते' असं तू परवा म्हणालीस. तू मेहनत केलीस, ते मी बघितलंय. पण तुझ्या गुणांत आजीनं रोज वाचून दाखवलेल्या गोष्टी आहेत, बाबांनी रात्री सोडवून घेतलेली कोडी आहेत, अभ्यासाला स्वतःची खोली आहे. तुझ्या वर्गातला जो मुलगा संध्याकाळी दोन धाकट्या भावंडांना सांभाळतो, त्याचा निकाल तुझ्या शेजारी ठेवताना हे विसरू नकोस.

आणि हो, यंदा परीक्षेत प्रश्न कठीण कठीण होत गेले म्हणून तू घाबरली होतीस. ती परीक्षा तशीच बनवलेली आहे: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो. प्रश्न अवघड होत गेले म्हणजे तुझी उत्तरं बरोबर येत होती.

उरला तुझा खरा प्रश्न, आठवीत अल्जिब्रा, म्हणजे बीजगणित, मिळणार का. तुझ्या गणिताच्या बाईंना मी भेटले. त्या पुढच्या वर्षीही इथेच आहेत आणि अल्जिब्राचा वर्ग त्याच घेणार आहेत. त्यासाठी मेअखेर एक छोटी चाचणी आहे, तिचा फॉर्म तुझ्या टेबलावर ठेवलाय. सही मी केली आहे, खालची तुझी माहिती तू भर आणि सोमवारी ऑफिसात दे. मैत्रिणींना शनिवारी जेवायला बोलाव, पुरणपोळ्या करू.

तुझी,
आई