ग्रीसला जायचे तर जानेवारीत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ग्रीसवरचा लेख मन लावून वाचला. लेख चांगला आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत. परंतु ‘ग्रीस पाहण्याचा काळ मे ते सप्टेंबर’ या त्यातील वाक्याला माझी हरकत आहे, आणि ती नोंदवण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. मी अंबाजोगाईच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामानाची वैशिष्ट्ये लिहा, असा प्रश्न आला की ‘हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा’ हे उत्तर मी कितीतरी पिढ्यांकडून पाठ करून घेतले. ते हवामान स्वतः अनुभवण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर, गेल्या जानेवारीत आला. मी व माझी पत्नी तेरा दिवस ग्रीसमध्ये होतो.

हा काळ आम्ही निवडला तेव्हा आमच्या भागातील एका सहल कंपनीच्या कार्यालयात आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले की हिवाळ्यात तिकडे काहीच नसते, सगळे बंद असते, तुम्ही मेमध्येच जा. मेमध्ये मराठवाड्यातला पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, हे कोणाला सांगायला नको. आपल्याकडचे ऊन सोडून तिकडच्या उन्हात जाण्यासाठी कष्टाची पुंजी का खर्चावी, हे मला तेव्हाही कळले नाही. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस हे टेकडीवरचे प्राचीन मंदिरस्थळ भर दुपारी बंद ठेवावे लागले होते, आणि गर्दी आवरण्यासाठी त्याच वर्षी सप्टेंबरपासून तेथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा घालावी लागली. आमच्या वयाच्या माणसांनी असल्या उन्हात आणि गर्दीत तो चढ चढावा, असा सल्ला निदान मी कोणाला देणार नाही.

जानेवारीत आम्ही तो चढ सावकाश, थांबत थांबत चढलो. नोव्हेंबर ते मार्च या काळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी पुरातत्त्व स्थळांना प्रवेश विनामूल्य असतो, आणि आमचा पहिला रविवार तोच होता. दुपारचे तापमान तेरा-चौदा अंश, म्हणजे आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेसारखे. रात्री पाऊस पडून गेला होता आणि शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला संगमरवर ओला होता, त्यामुळे पत्नीचा हात धरूनच चालावे लागले. चांगली पकड असलेले बूट नसतील तर पावसाच्या दिवशी तेथे जाऊ नये. वर गेल्यावर मात्र पार्थेनॉन मंदिरासमोर आम्ही पाऊण तास शांतपणे उभे राहू शकलो. खाली शहरात रस्त्यांच्या दुतर्फा कडू संत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली होती. जालन्याची मोसंबी पाहिलेल्या माणसाला, भर वस्तीत इतकी फळे कोणीही न तोडता झाडावर राहिलेली पाहून नवल वाटते. ती तशीच खाण्याजोगी नसतात, त्यांचा मुरंबा करतात, हे नंतर समजले.

भूगोलाचा शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त आनंद कशाने झाला असेल, तर हिरव्या रंगाने. उन्हाळ्यात त्या प्रदेशावर जास्त दाबाचा पट्टा सरकलेला असतो, म्हणून महिनोन्‌महिने पाऊस नसतो आणि डोंगर वाळून पिवळे पडतात. हिवाळ्यात तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो, पश्चिमी वारे पाऊस आणतात आणि जमीन हिरवी होते. आपल्याकडे मृगानंतर जे घडते ते तेथे दिवाळीनंतर घडते. अथेन्सचा वार्षिक पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, आपल्या मराठवाड्यापेक्षाही कमी. पण तो थंडीत पडत असल्याने जमिनीत मुरतो, लगेच उडून जात नाही, आणि त्यावर जैतून (ऑलिव्ह) तग धरून राहतो. आम्ही गेलो तेव्हा जैतुनाची तोडणी चालू होती. झाडाखाली जाळी अंथरून फांद्या झोडपणारी कुटुंबे रस्त्यावरून दिसत होती. उन्हाळ्यात जाणाऱ्या पर्यटकाला हे दृश्य कधीच दिसणार नाही.

अथेन्सहून मेटेओराकडे जाताना बस थेसलीच्या मैदानातून गेली. रस्त्याकडेच्या गवतात कापसाचे पुंजके अडकलेले पाहून पत्नी म्हणाली, “अहो, हे तर आपल्या सेलू-परभणीच्या रस्त्यासारखंच.” युरोपीय संघात सर्वाधिक कापूस ग्रीसमध्ये पिकतो आणि त्यातला मोठा भाग याच मैदानात, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते, याची खंत वाटली. मेटेओरा म्हणजे ‘हवेत अधांतरी’. पिंडाश्माचे, म्हणजे गोटे घट्ट जुळून बनलेल्या खडकाचे, उभे सुळके आणि त्यांच्या माथ्यावर मठ. आज त्यांतले सहा नांदते आहेत. पहाटे खालच्या कलांबाका गावावर धुके होते आणि मठ त्या धुक्यावर तरंगत होते, तेव्हा हे नाव का पडले ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मात्र हे मठ आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी बंद असतात आणि हिवाळ्यात बंदचे वार वाढतात, म्हणून वार पाहूनच बेत आखावा.

प्राचीन कौलस्थान असलेल्या डेल्फीला तर हिवाळ्याची स्वतःची कथाच आहे. अपोलो हा तेथला देव. परंतु हिवाळ्याचे तीन महिने तो दूर उत्तरेच्या लोकांकडे जातो आणि मंदिर डायोनायसस या दुसऱ्या देवाकडे असते, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा होती. त्या काळात कौलही दिला जात नसे. पंढरपूरचा विठोबा मार्गशीर्षात विष्णुपदावर जातो ही परंपरा ठाऊक असलेल्या आम्हा उभयतांना देवाच्या या मुक्काम हलवण्यात काही परके वाटले नाही. वर २,४५७ मीटर उंचीचा पार्नासोस पर्वत बर्फाने झाकलेला होता आणि बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला अथेन्सची तरुण मुले जवळच्या आराखोवा गावात आली होती. समुद्रकिनाऱ्यांच्या देशातली ही बर्फाची बाजू आपल्या लेखात एका ओळीने तरी यायला हवी होती.

शाकाहारी माणसाचे काय, हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत आधी विचारला जातो. हिवाळ्यात तेथे ‘होर्ता’ नावाची उकडलेली रानभाजी जैतुनाचे तेल आणि लिंबू घालून देतात. आपण रब्बीच्या ज्वारीत पाथरी शोधतो, तशी तेथली माणसे पावसानंतर डोंगरउतारावर ही भाजी खुडतात, आणि चवीत तोच किंचित कडवटपणा असतो. पांढऱ्या घेवड्याचे गरम सार, पालकाचा भात, डोंगरी वनस्पतीचा चहा, यांवर आमचे तेरा दिवस सुखाने गेले. नाताळापूर्वीचे चाळीस दिवस, म्हणजे १५ नोव्हेंबरपासून, सनातनी (ऑर्थोडॉक्स) पंथाचे ख्रिस्ती लोक मांस आणि दूधदुभते वर्ज्य करतात. त्या दिवसांत गेल्यास उपासाचे पदार्थ मागावेत, त्यांना ‘निस्तिसिमा’ म्हणतात. काही दिवशी त्यांत मासे चालतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. मकरसंक्रांतीला आम्ही अथेन्समध्ये होतो. पत्नीने घरून नेलेला तिळगूळ पावाच्या दुकानातील बाईंना दिला, तर त्यांनी आतून तीळ आणि मधाची वडी आणून तिच्या हातावर ठेवली. तिला तेथे ‘पास्तेली’ म्हणतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आता जे फसले तेही सांगतो. आम्ही सांतोरिनी बेटाचाही बेत केला होता आणि तो आमचा चुकीचा बेत होता. वारा ब्यूफोर्ट मापनश्रेणीवर आठच्या वर गेला की बंदराचे अधिकारी जहाजांना निघण्यास मनाई करतात. आमचे दोन दिवस पिरेयस बंदरात मनाई उठण्याची वाट पाहण्यात गेले आणि शेवटी आम्ही बेत सोडला. प्राचीन ग्रीकसुद्धा हिवाळ्यात जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवीत, हे शिकवणाऱ्याने तरी ते लक्षात ठेवायला हवे होते. लहान बेटांवरची बहुतेक हॉटेले नोव्हेंबर ते मार्च बंद असतात. बेटच पाहायचे असेल तर क्रीट पाहावे. तेथे वर्षभर विमाने जातात, क्नोसोसचा प्राचीन राजवाडा उघडा असतो आणि गावे आपल्या नेहमीच्या व्यवहारात असतात, फक्त सामारियाची प्रसिद्ध घळ पुरामुळे व दरडींमुळे हिवाळ्यात बंद ठेवतात. जानेवारीच्या मध्यावर काही दिवस वारा अचानक पडतो आणि लख्ख ऊन येते. खंड्या पक्ष्याला अंडी उबवता यावीत म्हणून देवाने वारा थांबवला, अशी त्याची कथा आहे आणि त्या दिवसांना त्या पक्ष्याचेच नाव आहे. आमच्या वाट्याला असे तीन दिवस आले. पण त्यांच्या भरवशावर तिकिटे काढू नयेत. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि बरीच स्थळे त्याआधीच बंद होतात, म्हणून सकाळी आठला बाहेर पडणे हेच बरे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नावे आहेत. येथून अकीक आणि कापड गाड्यांतून भडोचला जात असे. ती जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर आपल्याकडे येत आणि थंडीतल्या ईशान्य वाऱ्यांवर परत फिरत. म्हणजे मराठवाड्यातला माल भूमध्य समुद्राच्या वाटेला लागे तो हिवाळ्यातच. तेरच्या संग्रहालयात मी मुलांना अनेकदा नेले आहे, आणि अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मातीची भांडी पाहताना मला सारखे तेर आठवत होते.

म्हणून आपणास विनंती आहे की पुरवणीत ग्रीसच्या हिवाळ्यावर स्वतंत्र लेख द्यावा, आणि त्यात काय उघडे असते याच्याइतकेच काय बंद असते हेही छापावे. आमच्या भागात सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास हाती येतात, तर मेमध्ये लग्नसराई आणि पाण्याची ओढाताण असते. ज्यांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नाही अशा निवृत्तांना आणि शेतकरी कुटुंबांना जानेवारीच सोयीचा आहे. मुक्कामावर आकारला जाणारा तेथला हवामान कर हिवाळ्यात कमी असतो, हेही लिहावे. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. तेव्हा जानेवारीत जाणाऱ्यांना ही माहिती गणपतीच्या सुमारास मिळाली, तर ती त्यांच्या उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड