प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : मित्रास पत्र

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निपाणीजवळच्या आरोग्य केंद्रात तू रुजू झालास आणि बाळंतपणांची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे कळल्यावर लगेच लिहायला बसलो. कळकळीने एकच सांगतो, बाळंतिणीचा बीपी उतरण्याची वाट पाहू नकोस. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढलेले असते, त्यामुळे लिटरभर रक्त गेले तरी बीपी 110 राहू शकतो, ती बोलत असते, नातेवाईकही "बीपी बरा आहे ना?" असे विचारून निर्धास्त होतात, आणि मग ती एकाएकी ढासळते. नाडी मात्र आधीच धावू लागते. नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीने भागून उत्तर 0.9 च्या पुढे गेले, तळहात गार आणि ओलसर लागला, की शॉक, म्हणजे रक्त कमी पडून अवयवांचा पुरवठा तुटणे, समजूनच कामाला लाग.

रक्ताचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज मला मान्य नाही, कारण अंगाखालच्या कापडात मुरलेले रक्त नेहमी कमीच भासते. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉल या गर्भपिशवी आकुंचन पावायला लावणाऱ्या औषधाचा जो अभ्यास झाला आणि 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात बाळंतिणीखाली खुणांची प्लॅस्टिक पिशवी लावून रक्त मोजले होते. 600 मायक्रोग्रॅम औषधाने अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, याचा मला आजही अभिमान वाटतो. तशी पिशवी मागवून घे.

रक्तस्रावाने 500 मिली ओलांडले की मदतीला हाक मार, गर्भपिशवी चोळत राहा, गर्भपिशवी आवळणारे ऑक्सिटोसिन दे, शिरेत दोन जाड सुया लाव, मूत्राशय रिकामे कर आणि वार पूर्ण आली का, कुठे फाटले आहे का, ते नीट पाहा. रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून सावकाश दहा मिनिटांत द्यायचे, तेही प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. उशिरा दिल्यास लाभ नाही. सलाईन कोमट असावे, पण बाटल्यांवर बाटल्या ओतत राहू नकोस. त्याने उरलेले रक्त पातळ होते आणि गोठण्याची ताकद जाते. तिला खरी गरज रक्ताची असते. बाळ अजून पोटातच असेल आणि आईला शॉक आला असेल, तर गर्भपिशवी हाताने डावीकडे सरकवून धर, म्हणजे मोठ्या शिरेवरचा दाब कमी होईल.

रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन पहिल्या काही मिनिटांतच करावा. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात गाडी पोचायला किती वेळ लागतो हे तू जाणतोस. बेळगावच्या रक्तपेढीला रक्तगट आधीच कळवून ठेव. प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहिण्याचा तक्ता मी मराठी आणि कन्नड दोन्हींत करून ठेवला आहे. तुझ्या सिस्टरांसाठी त्याच्या प्रती सोबत पाठवत आहे.

तुझा मित्र