आईचं उणे 2.6 आणि बाबांची सरासरी

वाकड,
रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र लिहितेय, हसू नका. फोनवर आपलं काय होतं ते तिघांनाही ठाऊक आहे. बाबा स्पीकर लावतात, आई आतून "मला काहीही झालेलं नाही" असं ओरडते, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि विषय बारगळतो. शिवाय शनिवारी संध्याकाळी वाकडहून सदाशिव पेठ गाठायची, तर माझ्याआधी पोस्टमन पोचेल.

तर आईच्या डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट. बाबा, पाकिटामागचा तुमचा पेन्सिलीचा हिशेब पाहिला. मणके उणे 2.1, पूर्ण खुबा उणे 2.2, खुब्याची मान उणे 2.6. बेरीज, भागिले तीन, उत्तर उणे 2.3, खाली दोन रेघा आणि "काळजी नाही". जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला सरासरीचा मोह व्हायचाच. पण इथे सरासरी काढत नाहीत, सगळ्यात खालचा आकडा धरतात. बाई पडते तेव्हा सरासरी मोडत नाही, खुबा मोडतो. मणक्यांचा आकडा त्यातल्या त्यात बरा दिसतो, त्यावरही फार जाऊ नका. या वयात झिजेमुळे मणक्यांच्या कडेनं हाड वाढतं आणि यंत्र तेही मोजतं.

आई, तू विचारलंस, "उणे म्हणजे हाड उरलंच नाही का गं?" तसं नाही. ऐन तारुण्यातल्या निरोगी बाईची हाडं सरासरी जितकी भरीव असतात, तिथे शून्य धरलंय, आणि आपण त्याच्या किती पायऱ्या खाली, हा टी-स्कोअर. उणे 1 पर्यंत ठीक. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली आखली. एकेक पायरी उतरलं की हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. शेजारी झेड-स्कोअर उणे 1.1 लिहिलाय, तो तुझ्याच वयाच्या बायकांशी तुलना करून काढलेला. "माझ्या वयाच्या सगळ्यांचं असंच असतं" हे तुझं वाक्य त्या आकड्यापुरतं साधारण खरं आहे, त्यांच्या सरासरीच्या तू पायरीभर खाली आहेस. पण सगळा वर्गच नापास होत असेल तर त्यात तू फार मागे नाहीस, याचे पेढे वाटायचे का?

आणि फ्रिजवरची ती "नॉर्मल"ची चिठ्ठी आता काढा. दोन वर्षांपूर्वीच्या फुकट शिबिरात टाच यंत्रात ठेवून ती मिळाली होती, सोबत कॅल्शियमच्या पावडरचा डबाही. टाचेवर ध्वनिलहरींनी मोजतात. त्यावरून फार तर पुढची तपासणी करायची की नाही एवढं ठरवतात. उणे 2.5 ची रेघ त्या आकड्याला लागू नाही.

आता जरा अवघड बोलते. मी दहावीत असताना तुझी पिशवी काढली. तू बेचाळीस वर्षांची होतीस. गेल्या महिन्यात जुनी फाइल चाळताना कळलं की तेव्हा दोन्ही अंडाशयंही काढली होती. म्हणजे तुझ्या मैत्रिणींची पाळी पन्नाशीच्या आसपास हळूहळू गेली आणि तुझी एका सकाळीत. पंधरा दिवसांत तू ओट्यापाशी उभी होतीस आणि मी डबा घेऊन क्लासला गेले. हाडांचं तेव्हा कोणी बोललं नाही. डॉक्टरांनीही नाही.

हाड म्हणजे आपल्याला दगड वाटतो, पण ते रोज थोडं पाडतात आणि थोडं बांधतात. पेठेतल्या वाड्यांसारखं. पाडणारी टोळी झपाझप काम करते, बांधणारी रेंगाळते. पाडणाऱ्यांवर इस्ट्रोजेनचा, म्हणजे अंडाशयांत बनणाऱ्या संप्रेरकाचा, धाक असतो. तो उठला की पहिली पाच-सात वर्षं पाडकाम जोरात चालतं. तुझ्याकडचा धाक बावीस वर्षांपूर्वीच उठलाय. हे सांगते ते एवढ्यासाठी, की "मी दूध नीट प्यायले नाही म्हणून झालं" असं तू मावशीला फोनवर सांगत होतीस. तुझी चूक नाहीये ती.

आजीचंही आठवतं. तिची पाठ वाकत गेली, आपण म्हणायचो वय झालं. मला आता वाटतं, तिचे मणके एकेक करून दबत गेले असणार. मणका असा दबतो तेव्हा पुष्कळदा कळतही नाही, कंबर धरली म्हणून बाम लावतात. मग ती मोरीत घसरली, खुबा मोडला आणि त्यानंतर चाललीच नाही. आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल तर डॉक्टर ते मुद्दाम विचारतात. परवा विचारलं तेव्हा तू "नाही" म्हणालीस. पुढच्या वेळी खरं सांग.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. डॉक्टरांनी सरासरी खोडली आणि तुम्ही एकदम दुसऱ्या टोकाला गेलात. आईची पर्वती बंद. मंडईतून येताना हातात पिशवी नाही. जिना चढताना दंडाला धरता. गेले तीन आठवडे ती खुर्चीत बसून मालिका बघतेय आणि तुम्हाला वाटतंय हाडं जपली जाताहेत. उलट होतंय. हाडावर भार पडला तरच शरीर ते राखतं. वजन न पेलता महिनोन्‌महिने अंतराळात राहिलेल्यांची हाडंसुद्धा झिजतात, आणि ती तर निवडून घेतलेली धडधाकट माणसं! आईला पर्वतीच्या 103 पायऱ्या वर्षानुवर्षांच्या सवयीच्या आहेत. मी डॉक्टरांना नेमकं तेच विचारलं. चढू दे म्हणाले, उतरताना कठडा धरायचा, पावसात नाही.

बंद करायचंय ते वेगळंच. योगवर्गातलं पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन. कमरेतून पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तोच भाग आधी दबतो. भरलेली बादली वाकून उचलणंही बंद. गुडघे दुखतात म्हणून तू कमरेतून वाकतेस, तर मग बादली अर्धीच भर. त्याऐवजी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहायचं. एवढ्यानं तोल सुधारतो. पडलंच नाही तर मोडणार काय?

गोळीचं. हाडांचं पाडकाम रोखणारी, आठवड्यातून एकदा, अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. आई, हा त्याग मोठा आहे, मला कल्पना आहे. पण ही गोळी पोटात जेमतेम शोषली जाते, चहा-दुधासोबत तेवढीही नाही. आणि आडवं झालं तर अन्ननलिकेला जाळते. दुखायला लागलं किंवा गिळताना अडकलं तर पुढची गोळी न घेता मला फोन कर. दाढ काढायची आहे ना, ती आधी काढून घे, आणि दातांच्या डॉक्टरांना या गोळीचं सांग. जबड्याच्या हाडाला त्रास क्वचितच होतो, पण त्यांना माहीत असलेलं बरं.

थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी तू एकाच घोटात घेतेस हे मला परवा दिसलं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला अडवतं. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत घे. आठवड्याच्या गोळीच्या दिवशी थायरॉईडची कधी घ्यायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणू.

डी जीवनसत्त्व 14 आलंय, 20 च्या खाली म्हणजे कमतरता. ती 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे. टॉनिक नाही ते, रोज घेतलं तर अंगाशी येतं. आणि बाबा, तुमचं सकाळी सातचं कोवळं ऊन! लहानपणापासून ऐकत आले, पण डी बनवणारे किरण त्या वेळी जवळजवळ नसतात. ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात असतात, सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा. गॅलरीच्या बंद काचेतून ते आत येत नाहीत. त्यामुळे पर्वती सकाळी दहाच्या सुमाराला, बाह्या दुमडून. मे महिना सोडून.

खाण्याचं फार लिहीत नाही, तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास. ताक, तिळाची चटणी आहेच. राहील तेवढीच तूट गोळीनं भरायची. बाबांनी रोज पालक आणायला सुरुवात केलीय ती थांबवा. त्यात कॅल्शियम असतं, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी फारसं लागत नाही. आणि दोघांनाही पालक आवडत नाही.

शनिवारी मी प्लंबरला घेऊन येतेय. संडासात आणि न्हाणीघरात दांडे बसवायचे आहेत. फरशी तडकेल हे मी ऐकणार नाही. तडकली तर फरशी बदलता येते. बेडरूमपासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा. ते सुटं पायपुसणं आणि झिजलेल्या सपाता मी घेऊन जाणार. गणपतीचं मखर माळ्यावरून मी काढीन, स्टुलावर कोणीही चढायचं नाही.

आणि बाबा, येताना टेप आणतेय. तुमच्या सर्व्हिस बुकात उंची 170 आहे. परवा दवाखान्यात 165 भरली, तुम्ही म्हणालात त्यांचं यंत्र चुकीचं. दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा आहेत तिथेच उभं करून मोजीन. चार सेंटिमीटरहून जास्त घट असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढायचा असतो. दम्यासाठी तुम्ही कितीदा स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात तेही आठवून ठेवा. त्यांनी हाडं झिजतात, आणि हा आजार फक्त बायकांचा नाही. डेक्साची तुमची वेळ घेतलीय, मंगळवारी साडेअकरा. आईच्याच यंत्रावर.

तुमची,
मुक्ता

ता. क. आई, गोळीचा वार रविवार ठेवू. त्या दिवशी चहा बाबा करतील, बरोबर अर्ध्या तासानं.