हलका म्हणून वेगवान?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विज्ञानाला अर्धं पान दिलंत, आभार. पण प्रकाशाच्या कणाबद्दल 'फोटॉन सर्वांत हलका, म्हणून सर्वांत वेगवान' हे वाक्य, तेही चौकटीत, ठळक अक्षरांत! कालपासून डोकं ठणकतंय.

हेच वाक्य मी 1984 साली ऐकलंय. बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा. टेबलावर सोडियमचा दिवा, स्पेक्ट्रोमीटर आणि बाहेरगावच्या परीक्षकांसाठी आणलेली भडंगाची बशी. ''फोटॉन एवढा वेगात का?'' मी म्हणालो, त्याला वस्तुमान नाही. ''म्हणजे हलका!'' मला राहवलं नाही. ''सर, मग मुंगीनं हत्तीला मागं टाकायला हवं.'' 10 पैकी 4. माझ्या मागून गेलेला ''हो सर, हलका'' म्हणाला, त्याला 8. पुढं तोही परीक्षक झाला म्हणे.

अहो, हलकं असणं वेगळं आणि वस्तुमान नसणं वेगळं. इलेक्ट्रॉन किती हलका! तरी कितीही ढकला, ऊर्जा वाढत राहते, वेग प्रकाशाच्या, म्हणजे सेकंदाला 2,99,792 किलोमीटरच्या जवळ जवळ सरकतो, पण पोचत नाही. वस्तुमान शून्य असलं की आइन्स्टाइनच्या समीकरणात तेवढा एकच वेग बसतो, कमी नाही, जास्त नाही. थांबलेल्या फोटॉनला ना ऊर्जा उरेल ना संवेग, मग तो आहे तरी काय? दिवा लागला की तो हळूहळू वेग घेत नाही, जन्मतोच त्या वेगात. ऊर्जा जास्त असली तर तांबड्याऐवजी निळा असेल, पळेल तेवढाच. (पोकळीतलं बोलतोय. पाण्यात, काचेत प्रकाश मंदावतो, ते प्रकरण निराळं.)

आणि 'प्रकाशाचा विक्रम' हे शीर्षक कुणाचं? 2017 साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशाचीच थरथर) आणि गॅमा किरण (हाही प्रकाशच) सुमारे 13 कोटी वर्षांच्या प्रवासानंतर इथं पोचले. दोघांत अंतर 1.7 सेकंदांचं. विक्रम कुणाच्या नावावर लावणार?

जाता जाता, त्याच पानावरच्या शब्दकोड्यात उभ्या 9 ला घरं चार आणि शब्द तीन अक्षरी. उत्तर सोमवारी देऊ म्हणता, तीन सोमवार कोरडे गेले.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
विश्रामबाग, सांगली