लायब्ररीतल्या मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार.
प्रोजेक्टचा व्हायवा झाला, मस्त झाला! समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय गं" म्हणून विषय बदलणार, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आपल्या बेळगाव भागात साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, म्हणून मी इथेनॉलमधलं पाणी काढायचा विषय घेतलेला. साधं डिस्टिलेशन वजनानं साधारण ९५.६ टक्क्यांवर अडकतं, अझिओट्रोप होतो (म्हणजे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच, उकळून पुढं वेगळं होत नाही), पुढं ३ए मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे बारीक छिद्रांचे दाणे) लागते, एवढं क्लासमध्ये झालेलं, पण डिझाइनला खरा डेटा लागतो आणि नेटवर एका ठिकाणी एक आकडा तर दुसरीकडं दुसराच, कुठला धरायचा तेच कळंना. तुम्ही पहिलंच विचारलात, सीएएस नंबर (प्रत्येक केमिकलचा ओळख-नंबर) काय? इथेनॉलचा ६४-१७-५. नावं दहा असतात, नंबर एकच. त्या नंबरवरनं निस्ट या अमेरिकन सरकारी संस्थेच्या केमिस्ट्री वेबबुक साइटवर अँटॉइन कॉन्स्टंट (तापमानावरनं बाष्पदाब काढायचे आकडे) काढून दाखवलात, ते फुकट आहे, आणि तिथं आकडा कुठल्या पेपरातनं आलाय, किती तापमानापासून कितीपर्यंत चालतो तेही लिहिलेलं असतं. आकडा घेताना हे दोन्ही बघायचंच, ही सवय मला तुमच्यामुळं लागली, आणि व्हायवाला एक्स्टर्नलनी नेमकं तेच विचारलं की!

मग पेरीचं केमिकल इंजिनिअरिंगचं हँडबुक, ते रेफरन्सचं म्हणून घरी मिळत नाही, तर तुम्ही संध्याकाळी माझ्यासाठी थांबायचात, मला खानापूरची बस गाठायची असायची हेही लक्षात ठेवून. प्रोसेस समजून घ्यायला कर्क-ऑथमर, केमिकल टेक्नॉलॉजीचा एन्सायक्लोपीडिया. शोधगंगा या वेबसाइटवर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे थिसिस फुकट मिळतात हे मला माहीतच नव्हतं, तुम्ही म्हणालात सगळा थिसिस वाचत बसू नको, लिटरेचर रिव्ह्यू आणि मागची रेफरन्स लिस्ट आधी बघ, चांगला पेपर सापडला की गूगल स्कॉलरवर त्याला नंतर कुणी कुणी साईट केलंय ते बघ, म्हणजे जुनं पण मिळतं नि नवं पण. माझं निम्मं काम तिथंच झालं, खरंच.

आणि मॅडम, तुमच्या घरात कन्नड, तरी मी इंग्लिशमध्ये अडखळतेय बघून सगळं मराठीत समजावलात, कधी कंटाळा नाही, कधी "नंतर ये" नाही. याचं मला फार मोल आहे.

रिपोर्टची एक कॉपी लायब्ररीसाठी बाईंड करून ठेवलीय, सोमवारी घेऊन येते. केमिकलच्या ज्युनियर पोरींनाही तुमच्याकडंच पाठवतेय.

तुमची,
खानापूरची केमिकलवाली