पोरीला कुणाचं दूध दिलं ते सांगतो

ती. आई आणि बाबा, सा. न.

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत की पोरीला कुणाचं दूध पाजताय, आणि मी म्हणालो नंतर सांगतो. टाळायचं म्हणून नाही, वॉर्डाबाहेर गर्दी होती आणि दोन वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतंच. आता लेक घरी आलीये, स्वाती आणि ती दोघी झोपल्यात, तर सगळं पहिल्यापासून लिहितो. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

32व्या आठवड्यात आली ती, वजन 1400 ग्रॅम. चोखता येत नव्हतं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला साधारण 34 आठवडे व्हावे लागतात, म्हणून नळीने दूध द्यायचं. डॉक्टर बाई पहिल्याच दिवशी स्वातीजवळ येऊन बसल्या, हिचे सिझरचे टाके दुखतायत, बाळ वरच्या मजल्यावर काचेत, ही नुसती रडतेय, आणि बाई म्हणाल्या बाकीचं सगळं आम्ही करू पण एक गोष्ट फक्त तूच करू शकतेस, दूध काढून वर पाठव, थेंबभर आलं तरी पाठव. आणि खरंच थेंबच आले. सिस्टरने हाताने कसं काढायचं ते शिकवलं, पिवळं घट्ट चीक, ते सिरिंजमध्ये गोळा केलं आणि मी जिन्याने वर घेऊन गेलो, लिफ्टची वाट बघवेना.

बाबा, आपल्या गोठ्यात वासरू जन्मलं की तुम्ही आधी त्याला चीक पाजायचात आणि मगच खरवसाचं बघायचात, तसंच आहे हे. वासराला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटात असताना मिळतच नाही, ती सगळी चिकातून मिळते. माणसाच्या बाळाला बरीचशी पोटातच मिळते, पण ती मिळते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि आपली त्यातले दोन महिने आधीच बाहेर आली. म्हणजे शिदोरी अर्धवट घेऊनच. म्हणून तिच्यासाठी चिकाचा थेंब न थेंब महत्त्वाचा. त्यात आयजीए नावाच्या अँटीबॉडी असतात, त्या बाळाच्या घशाला आतड्याला आतून लेप दिल्यासारख्या बसतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. पांढऱ्या पेशी असतात जिवंत. लॅक्टोफेरिन म्हणून एक प्रोटीन असतं ते लोह धरून ठेवतं म्हणजे जंतूंना ते मिळत नाही आणि त्यांची वाढच खुंटते. मला हे सगळं तिथल्या दूध समुपदेशक ताईंनी सांगितलं, मी खोदून खोदून विचारायचो आणि त्या न कंटाळता सांगायच्या.

अजून एक गोष्ट ऐकून तर मी गप्पच झालो. वेळेआधी बाळंत झालेल्या बाईचं दूध सुरुवातीला वेगळंच असतं, त्यात प्रोटीन जास्त असतं. आणि स्वाती रोज त्या वॉर्डात जाऊन पोरीला छातीशी धरून बसायची ना, तर तिथले जे जंतू तिच्या नाकातोंडातून पोटात जातात त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी तिचं अंग बनवतं आणि त्या दुधात उतरतात. म्हणजे बाळ जिथे आहे तिथल्याच रोगांवरचं संरक्षण आईकडून येतं. असं कुठल्या डब्यात भरता येईल सांगा.

आता बाबांचा प्रश्न. पहिले काही दिवस स्वातीचं दूध पुरेसं नव्हतं, आणि डॉक्टरांनी पावडर न देता दूध बँकेतलं दूध दिलं. आमच्या हॉस्पिटलमधल्याच बाळंतिणींचं ते, ज्यांना जास्त येतं त्या स्वखुशीने देतात, पैसे घेत नाहीत. आधी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या होतात, एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलीस. मग काही जणींचं दूध एकत्र करून 62.5 डिग्रीवर अर्धा तास तापवतात, त्यात जंतू नाहीत ना ते लॅबमध्ये बघतात आणि उणे 20 डिग्रीला गोठवून ठेवतात. त्यामुळे कुणाचं म्हणून विचारलंत तर मला खरंच माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. शेजारच्या काकूंनी आईला जे विचारलं, कुठल्या जातीचं कुठल्या धर्माचं, त्याचंही उत्तर हेच. तीन-चार बायकांनी आपल्या लेकराचं झाल्यावर उरलेलं माझ्या लेकरासाठी दिलं, मी त्यांचे पाय धरायला तयार आहे, आणि माझी फार इच्छा आहे की तुम्ही दोघांनीही मनातून त्यांना आशीर्वाद द्यावा.

पावडर का नाही दिली तेही सांगतो. एवढ्या लवकर आलेल्या बाळांना एक भयंकर आजार होऊ शकतो, आतड्याला सूज येऊन आतडं सडायला लागतं, कधी कधी ऑपरेशन करावं लागतं. मानवी दुधावर असलेल्या बाळांना तो होण्याची शक्यता पावडरवरच्या बाळांपेक्षा कमी असते. तापवल्यामुळे बँकेतल्या दुधातल्या जिवंत पेशी मरतात, काही अँटीबॉडी कमी होतात, म्हणून पहिला नंबर आईचाच, पण आईचं नसेल तेव्हा दुसरा नंबर हा. आणि बाबा, हे काही नवीन फॅड नाही, आपल्या मुंबईतच सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली ही बँक सुरू केली, आशियातली पहिली.

दुसऱ्या आठवड्यापासून स्वातीचं दूध वाढलं. दर दोन-तीन तासांनी पंप, रात्री सुद्धा, मी अलार्म लावून उठवायचो आणि बाटल्या उकळायचो. रात्रीचं चुकवायचं नाही असं ताईंनी बजावलं होतं कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आणि आई, तुला सांगायला मला खूप अभिमान वाटतो, शेवटच्या आठवड्यात तिचं इतकं येत होतं की आपल्या चिमुरडीला पुरून उरायचं आणि ते तिने बँकेला दिलं. कुणातरी दुसरीच्या पोराच्या नळीतून ते गेलं असेल.

म्हणून आई तुला हात जोडून एक सांगणं आहे. तू इथे आल्यावर पोर रडली की लगेच तुझ्या तोंडात येईल "पोट भरत नाही वाटतं हिचं, दूध कमी पडतंय". तू काळजीनेच म्हणशील, मला माहितीये, पण ते वाक्य बाळंतिणीच्या काळजात जाऊन बसतं. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागतं आणि मन धास्तावलं, दुखावलं, लाज वाटली की ते अडतं, दूध आत असून बाहेर येत नाही. मग खरंच कमी येतं, मग वरचं दिलं जातं, मग बाळ अंगावर कमी ओढतं आणि जेवढं कमी ओढलं तेवढं कमी बनतं. माझ्या वेळी तुझ्यासोबत हेच झालं ना. तू किती वेळा सांगितलंयस, आजी आणि आत्या म्हणायच्या तुझं दूध पातळ आहे, आणि त्या डब्यावर गुबगुबीत बाळाचा फोटो होता. तुझा काही दोष नव्हता आई. तुला धीर द्यायला कुणी नव्हतं. तसले फोटो आणि जाहिराती नंतर 1992 च्या कायद्याने बंद झाल्या, म्हणजे सरकारलाही कळलं की आयांना फसवलं जातंय. आणि सुरुवातीचं दूध पातळ दिसतंच, पाजता पाजता छाती रिकामी होत येते तसं ते साईचं होत जातं, म्हणून एक बाजू पूर्ण होऊ द्यायची आणि मग दुसरी.

पोट भरतंय का ते असं बघायचं: दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओले, आणि वजन वाढतंय. बस. आपल्या पोरीचे दोन्ही ठीक आहेत. संध्याकाळी ती तासन्‌तास अंगावरच असते, सोडतच नाही, तेव्हा दूध संपलंय असं नाही, बरीच बाळं तसं करतात.

खाण्यापिण्याचं तुझं तू बघ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, स्वातीला सगळं हवंय आणि तुझ्या हातचं हवंय. पण लाडू खाल्ला म्हणून दूध येतं असं नाही, दूध येतं पाजल्याने. लाडू तिच्या अंगात ताकद राहावी म्हणून, आणि तिचं कुणीतरी करतंय हे तिला जाणवावं म्हणून, ते दुसरं तर फारच गरजेचं आहे.

पोरीला मात्र काहीच नाही. मध बोटभर सुद्धा नाही, त्यात बोटुलिझमचे जंतू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही, अंग लुळं पडतं. गुटी नाही. पाणी पण नाही, बार्शीच्या उन्हाळ्यात सुद्धा नाही, कारण आईच्या दुधात 87 टक्के पाणीच असतं. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब दिलेत तेवढे द्यायचे, लवकर जन्मलेल्यांना ते लागतात. उष्टावणाची घाई नको, सहा महिने फक्त दूध आणि हिचे महिने कसे मोजायचे ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर वरण-भात सुरू झाला तरी दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत राहायचं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाबा, तुमच्यासाठी पण काम आहे. स्वाती हॉलमध्ये बसून पाजत असेल तर तुम्ही उठून बाल्कनीत जाऊ नका, आपण अवघडलो की ती अवघडते, मग आतल्या उकाड्याच्या खोलीत एकटी जाऊन बसते. तुमची अख्खी नोकरी एसटीत गेली, स्टँडवरचा हिरकणी कक्ष तुम्ही पाहिलाय, लेकरू घरी भुकेलंय म्हणून रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्या खोलीला आहे. आपल्या घरात तर तिला वेगळा कक्ष लागू नये. आणि पाहुणे आले की बाळाला या हातातून त्या हातात फिरवू देऊ नका, हात धुतल्याशिवाय तर नाहीच. तुमचा आवाज मोठा आहे, तो इथे कामाला येईल.

आई, श्रावणात बाळंत होणार आहे ना ती समोरच्यांची सून, तिला हे सगळं सांग. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी लावायला सांग, सिझर झालं तरी चालतं, फक्त बाळ जवळ द्या असं आपण सांगावं लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्व्हेत आपल्या देशात पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच होती, म्हणजे निम्मी सुद्धा नाहीत. तिला सांग दुखत असेल तर सहन करत बसू नको, बाळाचं तोंड मोठं उघडून नुसतं टोक नाही तर काळा भाग पण तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, पोटाला पोट लागलं पाहिजे, बरंचसं दुखणं यानेच जातं. सर्दी-ताप आला तरी पाजता येतं, तोंडाला रुमाल बांधून. याने तिचाही फायदा आहे, गर्भाशय लवकर आवळतं, रक्तस्राव कमी होतो, पुढे छातीच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. आणि एवढं करूनही एखादीला नाहीच पुरलं तर तिला कुणी काही बोलायचं नाही. वॉर्डात अशा दोघी होत्या, त्यांच्याइतकं झटलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

लातूर एक्सप्रेसची तिकिटं काढलीयेत, दोघांना खालचे बर्थ मिळालेत, मेसेज पाठवतो. बाजरीचं पीठ आणा, अळीव इथे मिळतात. आणि आई, माळ्यावरच्या ट्रंकेत आजीचं चांदीचं बोंडलं आहे ते नक्की आण. स्वातीची 26 आठवड्यांची रजा संपली की ती दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जाणार आहे, आणि हॉस्पिटलमध्ये आम्हाला बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा असंच सांगितलंय, कारण ते नीट धुता-उकळता येतं आणि बाळ अंगावर ओढायचं विसरत नाही. तोपर्यंत तुझा हात बसेल.

तुमचा,
संदीप