बेरातला राहायचं तर नदीच्या पलीकडे

म्युनिक, ९ मार्च

प्रिय मुक्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे व्हॉइस मेसेज ट्राममध्ये ऐकले. त्यातला अर्धा वेळ तू आणि काकू अल्बानियातल्या बेरात गावी किल्ल्यातली खोली घ्यायची की नाही यावरून आपसातच भांडत होतात, त्यामुळे मला निम्मी माहिती आयतीच मिळाली. हे सगळं मोबाइलवर टाइप करून भागणार नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले. वाचताना काकूंना जवळ बसव. फक्त पुढचा व्हिसाचा भाग आधी तू एकटी वाच, नाहीतर त्या उगीच घाबरतील.

अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तुमचा व्हिसा ‘सिंगल एंट्री’ आला, तर म्युनिकहून तिरानाला, म्हणजे अल्बानियाच्या राजधानीत, उतरताच तो संपला, आणि परत माझ्या घरी यायची वाट बंद. म्हणून फॉर्म भरताना ‘मल्टिपल एंट्री’च माग, आणि सोबतच्या पत्रात अल्बानियाला जाऊन परत जर्मनीत यायचंय हे तारखांसकट लिही. एजंटला नुसतं ‘टूरिस्ट व्हिसा हवाय’ म्हणून मोकळी होऊ नकोस. तो व्हिसा हातात पडला आणि त्यावर आधी शेंगेनमधल्या एखाद्या देशात प्रवेश झाला, की भारतीय पासपोर्टवर अल्बानियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं. तुम्ही आधी माझ्याकडेच उतरणार असल्यामुळे ती अट आपोआप पुरी होते. तरी निघायच्या आठवड्यात त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर नियम पुन्हा बघून घे. आणि व्हिसा येईपर्यंत जी खोली घेशील, ती फुकट रद्द करता येणारीच घे, भले थोडी महाग पडो.

आता गावाचं. तुझ्या मनात ग्यिरोकास्तर आहे हे मला कळतं. कादारे तिथला, एन्व्हर होजाही तिथलाच. एकाच गावाने लेखकही दिला आणि हुकूमशहाही, त्यामुळे तुला ते बघायचंच असणार. गाव आहेही देखणं, दगडी छपरांचं. पण ते सगळंच्या सगळं चढावर आहे. बाजारातून किल्ल्यात जायचं तर चढ, किल्ल्यातून एखाद्या जुन्या हवेलीत जायचं तर आधी उतार आणि मग पुन्हा चढ, आणि पायाखाली सगळीकडे गुळगुळीत झालेले दगड. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. बेरातला चढ आहेतच, पण खाली नदीकाठाला सपाट, रुंद, झाडांचा रस्ता आहे. ज्याला चढायचंय त्याने चढावं, ज्याला बसायचंय त्याने बसावं. दोन्ही गावांना १९६१ साली ‘संग्रहालय-नगर’ ठरवलं गेलं, म्हणून ती वाचली. युनेस्कोच्या यादीत ग्यिरोकास्तर २००५ साली आलं आणि २००८ साली बेरात त्याच नोंदीत जोडलं गेलं. मानाने दोन्ही सारखी आहेत, त्यामुळे आपण दुय्यम काही बघतोय असं मनात आणू नकोस.

बेरातमध्ये हॉटेल निवडायचं म्हणजे खरं तर मोहल्ला निवडायचा. तारे, रेटिंग, नाश्त्याचे फोटो हे सगळं नंतर. मधून ओसुम नदी वाहते. उत्तरेच्या काठावर डोंगर, त्याच्या माथ्यावर किल्ला, त्याला तिथे ‘कला’ म्हणतात. डोंगराच्या उतारावर किल्ल्याखाली मंगलेम, म्हणजे पूर्वीची मुसलमान वस्ती. नदीच्या दक्षिणेला, समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी गोरित्सा, ती पूर्वीची ख्रिश्चन वस्ती. आणि नदीकाठाने पुढे गेलं की नवं गाव. आपण लहानपणी दिवाळीचा किल्ला करताना मातीच्या उतारावर एकावर एक घरं चिकटवायचो ना, मंगलेम अगदी तसं दिसतं. घरांचा खालचा मजला दगडी, वरचा लाकडी चौकटीचा, पांढरा चुना दिलेला आणि थोडा पुढे झुकलेला. त्या वरच्या मजल्याला ओळीने खिडक्या. उतार इतका उभा आहे की एका घराच्या छपरावरून दुसऱ्याच्या खिडक्या दिसतात. ‘हजार खिडक्यांचं गाव’ म्हणून फोटोत दिसतं ते हेच.

पण विचार कर, या खिडक्या दिसतात कुठून? मंगलेममध्ये खोली घेतलीस तर तू खिडकीच्या आत. तुला समोर गोरित्सा दिसेल. तीही छान आहे, पण ज्यासाठी आपण एवढ्या लांब जातोय ते तुझ्या पाठीमागे राहील. म्हणून माझं मत पक्कं आहे: राहायचं गोरित्सात, नदीकडे तोंड असलेल्या खोलीत. सकाळी चहा घेताना समोर पूर्ण मंगलेम आणि वर किल्ला. रात्री त्या घरांवर दिवे लागतात तेव्हा तर खोलीतून उठवतच नाही. मी गेल्या शरद ऋतूत तिथेच होते, आणि मंगलेममध्ये उतरलेले लोक रोज संध्याकाळी पूल ओलांडून आमच्या बाजूला फोटो काढायला यायचे.

गोरित्साची एक खोड आहे, तीही सांगते. ती टेकडीच्या उत्तरेला दडलेली असल्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन फार थोडं येतं. त्या दिवसांत जाणाऱ्याने मंगलेमच घ्यावं, ते दक्षिणेकडे तोंड करून उन्हात बसलेलं असतं. आपण मेच्या शेवटी जाणार, तेव्हा हीच सावली आपल्या फायद्याची. जुलै-ऑगस्टचं नाव काढू नकोस, पारा ३५ च्या वर जातो आणि दुपारी दगड तापतात.

किल्ल्यात राहण्याचा तुझा हट्ट मला मनापासून पटतो, फक्त या वेळी नको. बेरातचा किल्ला रिकामा नाही. तटाच्या आत अजून माणसं राहतात, घरांना अंगण आहे, अंगणात वेल आहेत, बायका भरतकाम केलेले आणि विणलेले रुमाल-टेबलक्लॉथ भिंतीवर वाळत घातल्यागत मांडून विकतात. तिथल्या एखाद्या घरात रात्र काढायची म्हणजे दिवसाचे प्रवासी खाली उतरले की सगळी गल्ली आपली. पण गावातून वर जाणारा रस्ता चांगलाच उभा, दगडी आणि घासून चकचकीत झालेला. गाडी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाते, आतमध्ये मात्र सामान हाताने. संध्याकाळी नदीवर फिरायचं म्हटलं की खाली आणि पुन्हा वर. तू आणि मी दोघीच गेलो तर डोळे मिटून तिथेच राहू.

खोली ठरवताना मालकाला मेसेज करून काही गोष्टी स्पष्ट विचार. गाडी जिथे थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? हा पहिला प्रश्न, आणि ‘थोड्या’ असं उत्तर आलं तर आकडा माग. ही बहुतेक जुनी घरं आहेत, त्यांचीच गेस्टहाउसं केलीत, त्यात लिफ्ट नसते. म्हणून काकूंची खोली तळमजल्याला मिळेल का तेही विचार. मग नदी आपण गच्चीतून बघू. ‘नदीकडची खोली’ म्हणजे नक्की खिडकीतून दिसते की मान वाकडी केल्यावर, हे फोटो मागवून बघ. एका ठिकाणी मला जो ‘व्ह्यू’ म्हणून दाखवला गेला, त्यात शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती आणि तिच्यामागे युनेस्को. एसी, गरम पाणी, कार्ड चालतं की रोख, एवढं विचारलंस की झालं. या गेस्टहाउसांत मालकीण आणि तिची मुलं सगळं बघतात, व्हॉट्सॲपवर उत्तरं पटकन येतात, त्यामुळे संकोच करू नकोस.

पैशांबद्दल एक गंमत लक्षात ठेव. चलन लेक. १९६५ साली त्यांनी नोटांवरचं एक शून्य काढलं, पण लोकांच्या तोंडून ते अजून गेलेलं नाही. भाजीवाला किंवा टॅक्सीवाला दहापट भाव सांगू शकतो, तो फसवत नसतो, जुन्या हिशोबात बोलत असतो. अशा वेळी नोट हातात धरून ‘ही?’ असं विचारायचं. काकू मंडईत मुरलेल्या असल्यामुळे हे खातं त्यांच्याकडे देऊ या. आणि तिथले जुने लोक नाही म्हणताना मान वर-खाली करतात आणि हो म्हणताना आडवी हलवतात. आपण तर दोन्ही एकाच वेळी करतो, तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत.

जेवणाची काळजी करू नकोस. काकूंना शाकाहारी जेवण मिळेल, फक्त अंड्याबद्दल प्रत्येक वेळी विचारायचं. पालकाचं किंवा भोपळ्याचं ब्यूरेक, पातळ पापुद्र्यांचं, सकाळी बेकरीतून गरम मिळतं. भात भरलेल्या भोपळी मिरच्या, पांढरं चीज, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, घट्ट दही, अंजिराचा ग्लिको म्हणजे पाकातलं फळ, आणि वर डोंगरी वनस्पतीचा चहा. मिरच्यांत कधी खिमाही असतो, तेव्हा तोही प्रश्न विचारायचाच. गेस्टहाउसचा नाश्ता इतका भरपेट असतो की दुपारचं जेवण टळतं. तरीही काकू मेतकूट आणणारच, त्याला माझी हरकत नाही, मलाही हवंय.

तीन रात्री पुरतील. पहिल्या संध्याकाळी काही बघायचं नाही, फक्त बुलेव्हारवर, म्हणजे त्या नदीकाठच्या रुंद रस्त्यावर, जायचं. अंधार पडायच्या सुमाराला अख्खं गाव तिथे चालायला उतरतं, त्याला ‘जिरो’ म्हणतात. आजोबा, नवी जोडपी, बाबागाडीवाले, सगळे एकदा इकडून तिकडे आणि पुन्हा तिकडून इकडे. कॅफेच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या. काकूंना एका खुर्चीत बसवून कॉफी दिली की त्या कोणाच्या सुनेने काय नेसलंय यावर तासभर बोलतील, भाषा येवो न येवो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर टॅक्सीने किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. आत एके काळी वीसेक चर्च होती. त्यांतल्या सेंट मेरीच्या चर्चमध्ये ओनुफ्रीचं संग्रहालय आहे. हा १६व्या शतकातला चित्रकार. त्याच्या लाल रंगासाठी लोक येतात. तो नेमका कसा केला ते पुढे कोणाला साधलं नाही, असं सांगतात. तिथली लाकडी कोरीव भिंत, जिच्यावर चित्रं लावलेली असतात, तीही सावकाश बघ. १९६७ साली या देशात धर्मावरच बंदी आली, देवळं-मशिदी बंद झाल्या, काही पाडल्या गेल्या, काहींची कोठारं झाली. त्या वर्षांतून ही चित्रं शाबूत निघाली हे डोक्यात ठेवून आत गेलीस तर ती वेगळी दिसतात. बेरातमधलंच ६व्या शतकातलं एक हस्तलिखित, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या अक्षरांतलं, आता तिरानाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

तटावरून समोर श्पिराग डोंगर दिसतो. त्यावर १९६८ साली दगडांच्या अवाढव्य अक्षरांत ‘एन्व्हर’ (ENVER), म्हणजे होजाचं नाव, लिहिलं होतं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर ते पुसायचे प्रयत्न झाले, आणि २०१२ साली एका कलाकाराने गावकऱ्यांना घेऊन पहिली दोन अक्षरं उलटसुलट करून त्याचं ‘नेव्हर’ (NEVER) केलं. दुसऱ्या बाजूला तोमोर, २,४१६ मीटर. गोष्ट अशी की तोमोर आणि श्पिराग हे दोन राक्षसी देहाचे तरुण एकाच मुलीवरून भिडले, तोमोरच्या तलवारीने श्पिरागच्या अंगावर घळी पडल्या, दोघेही मेले, आणि तिच्या आसवांची ओसुम झाली. श्पिरागच्या अंगावरच्या त्या घळी खरंच दिसतात. ही गोष्ट काकूंना मीच सांगणार, तू आधी सांगून मोडू नकोस.

येताना-जाताना तिरानाहून. अंतर साधारण १०० किलोमीटर. बस आहेत, पण बेरातचा थांबा गावाबाहेर आहे, आणि पुन्हा गावातली बस पकडावी लागते. आपण मालकालाच विमानतळावर गाडी पाठवायला सांगू. विमानतळाला नाव मदर तेरेसांचं आहे. त्या कोलकात्याच्या म्हणून काकूंना ठाऊक. पण त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या, आणि आईच्या हयातीत त्यांना एकदाही तिथे येऊ दिलं गेलं नाही. आई १९७२ साली गेली, आणि मदरना प्रवेश मिळाला तो १९८९ साली. हे काकूंना विमानात सांग, विमानतळावर नको, तिथे त्यांचे डोळे भरून आले की आपलं सामान पट्ट्यावर फिरत राहील.

तर आता तू एवढं कर: व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख कळव, काकूंना मऊ तळव्याचे, न घसरणारे बूट घे (चपला नाहीच चालणार, त्यांना माझं नाव सांग), आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातले कुठले दिवस चालतील ते लिही. मी आजच गोरित्सातल्या दोन घरांना पायऱ्यांचा आकडा विचारलाय. एकीचं उत्तर आलंय, बावीस, आणि मधे बसायला बाक आहे म्हणे. दुसरीचं आलं की दोन्ही तुला पाठवते, मग ठरवू.

काकूंना साष्टांग नमस्कार. मेतकुटाचा डबा जरा मोठा आण.

तुझीच,
रेवा